धडा सातवा

बर्डीवर, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर
मी जर्मन शिकवते, नर्सिंगच्या मुलींना.
मे महिन्यात कूलर इतका ओरडतो
की त्यांचे उच्चार अर्धे पाण्यातून येतात.

सातव्या धड्याचं नाव घर शोधणे.
मी घरमालकीण, नुजहत अन्सारी भाडेकरू.
ती विचारते, खोली अजून फ्राय आहे का?
पुस्तकात लिहिलंय तसं मी म्हणते, हो, आहे,
भाडं तीनशे ऐंशी, वीज-पाणी वेगळं,
उद्या पाचला या बघायला.

मागच्या बाकावरून पौर्णिमा गजघाटे हसली,
"इतक्या लवकर? मॅडम, नागपूरसारखं करा ना."
मग मीही रंगात आले.
पूर्ण नाव? हो, पण आडनाव?
राहता कुठे? मोमीनपुऱ्यात? मटण शिजवता?
शिजवण्यापर्यंत जर्मन पुरलं, पुढे अडलं.
'तुमच्यात' हा शब्दच सापडेना.
तुमच्यात असं करतात का, तुमच्यात चालतं का,
एका शब्दात सगळा मोहल्ला.
वर्ग पोट धरून हसला. नुजहतही.

फ्राय म्हणजे रिकामं, मी फळ्यावर लिहिलं,
आणि फ्राय म्हणजे मोकळं, स्वतंत्र.
मुलींनी दोन्ही अर्थ उतरवून घेतले.

आता कासेलहून तिचे निरोप येतात.
तिची रात्रपाळी सुटते
तेव्हा माझ्याकडे पोह्यांवर तर्री पडत असते.

"मॅडम, नाव सांगितलं की खोली गेलेली असते.
वॉर्डातल्या बिर्गिटनं त्याच नंबरवर
दहा मिनिटांनी फोन केला,
तर खोली परत आली होती.
डिक्शनरी लागली नाही मला.
तसलं सॉरी मी लहानपणापासून ओळखते."

"आठ नंबरचे आजोबा आधी हात लावू देत नव्हते,
आता माझ्याशिवाय गोळी घेत नाहीत.
तरी रोज माझ्या रुमालाकडे बघून मान हलवतात.
दोन्ही एकाच सकाळी."

"शेवटी तुर्की बेकरीवाल्यानं वरची खोली दिली.
त्याच्या बायकोनं शुक्रवारी मशिदीत नेलं.
प्रवचन सगळं तुर्कीत, मला आमीन तेवढं कळलं.
उरलेला वेळ चपलांचे जोड मोजले.
येताना म्हणाली, तुमच्यात ओढणी अशी घेतात होय?
मॅडम, तुर्कीत आहे तो शब्द."

यावर मी हसण्याचं चित्र पाठवलं.

त्रिमूर्तीनगरात माझ्या घराला वर एक खोली आहे,
जिना बाहेरून, खिडकीत कडुनिंब.
काही वर्षांपूर्वी एका मुलीचा फोन आला होता.
मेडिकलला शिकते म्हणाली, मराठी स्वच्छ,
भाडं ठरलं, पाण्याची वेळ ठरली,
मग मी नाव विचारलं.
अगं, आत्ताच गेली बघ, पाच मिनिटं झाली.
हे माझ्या तोंडून इतकं सहज आलं
की आत यांनी विचारलं, कोणाला दिलीस?
कोणालाच नाही. खोली अकरा महिने पडून होती,
कुलपाला तेल घालावं लागलं.

त्या मुलीचं नाव मला आठवत नाही.
नुजहत नसावी. वय जुळत नाही.
नीट हिशेब केला तर जुळतंही.
वर्गाच्या पहिल्या दिवशी ती म्हणाली होती,
तुमचा आवाज ओळखीचा वाटतो, मॅडम.
मी म्हटलं, सगळेच म्हणतात.

यंदाची बॅच बावीस मुलींची.
काल पुन्हा सातवा धडा.
कामठीची एक लाजरी पोरगी उभी राहिली,
पुस्तक छातीशी धरून विचारलं,
खोली अजून फ्राय आहे का?
नेमकी तेव्हाच लाईट गेली,
कूलर थांबला,
खालच्या रस्त्यावरचा संत्रेवाला ऐकू यायला लागला.
उत्तर पुस्तकात छापलेलं आहे, दोनच शब्दांचं.
तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही.
तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.